ट्राइकला प्रॉपेलर लाकडी घ्यावा की कार्बनचा?

ट्राइकचा, म्हणजे हँग-ग्लायडरसारखा पंख असलेल्या तीनचाकी हलक्या विमानाचा, प्रॉपेलर बदलायचा झाला की आधी किंमत विचारली जाते. ती जरा बाजूला ठेवा आणि रोटॅक्स ५८२ इंजिनाला गिअरबॉक्स कुठल्या प्रकारचा आहे ते पाहा. 'बी' असेल तर प्रॉपेलरचं जडत्व (फिरताना वेग बदलायला होणारा विरोध) ३,००० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटरच्या आत हवं. 'सी'ला ६,००० पर्यंत चालतं. तीन पात्यांचे काही जड प्रॉपेलर 'बी'वर इथेच बाद होतात. हलकं लाकूड सहसा बसून जातं.

लाकूड स्वस्त पडतं, कंपनं पोटात घेतं. जमिनीला लागलं तर स्वतः फुटतं आणि क्रँकशाफ्टला बसणारा हिसका कमी करतं. (इंजिन तरीही उघडून तपासायचंच.)

अडचण आपल्या हवेची आहे. आषाढात घराचं दार चौकटीत अडकतं ना, तेच लाकडी प्रॉपेलरच्या हबचं, म्हणजे बोल्टांनी आवळलेल्या मधल्या भागाचं, होतं. फुगलेल्या लाकडात बोल्टांच्या दाबानं तंतू चेपतात. ऑक्टोबरच्या उन्हात ते आकसलं की बोल्ट सैल. सैल हब फ्लँजवर (तो ज्या चकतीला बोल्टांनी बसतो तिच्यावर) घासतो, तापतो, करपतो. म्हणून दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) लावा. विमान उभं करताना दोन्ही पाती आडवी ठेवा, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरून तोल बिघडतो. एवढी निगा होणार नसेल तर लाकडाच्या वाटेला जाऊ नका.

कार्बनला ओलीची ही कटकट नाही. शिवाय पिच, म्हणजे पात्यांचा कोन, जमिनीवर बदलता येतो. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला इंजिन ६,५०० फेऱ्यांच्या बरंच वर पळत असेल तर पिच वाढवायचा, तिथवर पोचतच नसेल तर कमी करायचा. मात्र सगळ्या पात्यांचा कोन तंतोतंत सारखा हवा. नजरेच्या अंदाजानं लावणाऱ्याला मी तरी हात लावू देणार नाही. लाकडाचा पिच चुकला तर अख्खा प्रॉपेलर बदलावा लागतो.

ट्राइकचा प्रॉपेलर मागे असतो, हे विसरू नका. कातळाच्या सड्यावर धावताना चाकांनी उडवलेले जांभ्याचे खडे थेट पात्यांवर येतात. पात्यांच्या पुढच्या कडेला संरक्षक पट्टी हवीच, साहित्य कुठलंही असो. कार्बनचं एखादं पातं गेलं तर बहुतेक वेळा तेवढंच मागवता येतं.

'सी' असेल आणि ट्राइकच्या निर्मात्याची मान्यता असेल तर मी कार्बन घेईन. 'बी'वर लाकूडच, आणि टॉर्क रेंच त्याच ऑर्डरमध्ये.