युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? जर्मनी, 1920

केपीडी आणि केएपीडी यांच्यात नेमका फरक काय होता? केपीडी म्हणजे जर्मन कम्युनिस्ट पक्ष. केएपीडी म्हणजे त्यातून बाहेर काढलेल्या डाव्यांनी एप्रिल 1920 मध्ये बर्लिनला काढलेला कम्युनिस्ट कामगार पक्ष. गंमत अशी, की केपीडीच्या स्थापना अधिवेशनात निवडणुकीवर बहिष्काराचा ठराव 62 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झाला होता. म्हणजे पुढे 'फुटीर' ठरलेले तेव्हा बहुमतात होते! ऑक्टोबर 1919 च्या हायडेलबर्ग अधिवेशनात केपीडीचे नेते पाउल लेवींनी संसद आणि युनियनमध्ये काम करणं सक्तीचं केलं आणि डाव्यांना वगळलं.

निवडणुकीचा वाद फार ताणू नये. जून 1920 मध्ये केपीडीला जेमतेम 2 टक्के मतं मिळाली. खरा फरक कारखान्यात होता. केपीडी म्हणे, जुन्या युनियनमध्ये गट बांधा आणि नेतृत्व काबीज करा. केएपीडीच्या मते ते नेतृत्व मालकांशी तडजोडीत मुरलेलं होतं. म्हणून धंद्यानुसार नव्हे, तर कारखान्यानुसार सभासद घेणारी 'एएयूडी' (जर्मनीची सर्वसाधारण कामगार युनियन) ही संघटना. लॉयना रसायन कारखान्यात तिचा जोर होता.

पण सभासदत्वच कारखान्याला जोडलेलं, त्यामुळे मार्च 1921 चा कम्युनिस्टांचा उठाव फसून कामगारांना कामावरून काढलं की शाखाच मोडे. शिवाय केएपीडीतलाच ऑटो र्‍यूलेंचा गट पक्षच नको म्हणत वेगळा झाला, आणि 1922 मध्ये केएपीडी एसेन आणि बर्लिन अशा दोन गटांत फुटली. केपीडी मात्र डिसेंबर 1920 मध्ये स्वतंत्र समाजवादी पक्षाचा डावा गट सामावून लाखांवर गेली. त्यासाठी मॉस्कोच्या, म्हणजे कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या, प्रवेशाच्या 21 अटी मान्य कराव्या लागल्या, हे मात्र केएपीडीवाले विसरू देत नसत.