चंद्रनाथ पर्वत, पारोडा: दर्शनाइतकेच उंचीसाठी

गोव्यात मडगावहून केप्याकडे जाताना पारोड्याजवळ जी टेकडी एकदम उभी राहते, तिच्या माथ्यावर श्री चंद्रेश्वर भूतनाथाचे देवस्थान आहे. आसपासचे लोक तिला नुसते ‘पर्वत’ म्हणतात. उंची सुमारे साडेतीनशे मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात काहीच नव्हे. पण भोवतालची सासष्टी, म्हणजे मडगावचा तालुका, इतकी सखल आहे की तेवढ्यानेही दृष्टी फार लांब पोहोचते.

गाडी बहुतेक चढण चढून जाते आणि शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आहे. रस्ता दाट झाडीतून वळणे घेत जातो. समोरून गाडी आल्यास एकाला थांबावे लागते, त्यामुळे नवशिक्या चालकाने सणासुदीच्या गर्दीत येथे येऊ नये, असे मला वाटते. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार आधीच करावा.

चंद्रेश्वर हे प्राचीन काळी गोव्यावर राज्य करणाऱ्या भोज राजांचे आराध्यदैवत मानले जाते. त्यांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, येथून जवळच आहे. पौर्णिमेचे चांदणे पडले की लिंगाला पाझर फुटतो, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, या वादात न पडता गाभाऱ्यात शांतपणे उभे राहावे. सोबतच्या भूतनाथाचे दर्शन घेतल्याशिवाय मात्र परतू नये.

खरे वैभव देवळाच्या बाहेर आहे. पश्चिमेला माडांची हिरवी सलग पट्टी, तिच्यातून डोके वर काढणारी चर्चची पांढरी शिखरे आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसते. पूर्वेला वळले की कुशावती नदीचे खोरे, त्यातली भातशेते आणि मागे सह्याद्रीच्या एकामागून एक फिकट होत गेलेल्या रांगा. ही शेते पावसाळ्यात वरून पाहिली की पारोड्याचा सखल रस्ता दरवर्षी पाण्याखाली का जातो, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

जोरदार पावसात मात्र ढग माथ्यावरच बसतात आणि हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नाही, शिवाय पायऱ्यांवर शेवाळ धरते. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात, कारण तेव्हा हवा धुतलेली असते आणि झाडीही अजून वाळलेली नसते. वेळ सकाळची निवडावी. दुपारी अनवाणी पायांना प्रांगणातली फरशी अक्षरशः पोळते. पाणी बरोबर न्यावे आणि रिकामी बाटली परत आणावी. कठड्याखालच्या झुडपांत अडकलेल्या वेफर्सच्या पिशव्या पाहून एवढे सांगणे भाग आहे. अंगभर कपडे आणि हळू आवाज यांची अपेक्षा तर कोणत्याही देवस्थानात असतेच.

मडगावहून अर्धा दिवस काढला तर दर्शन, डोंगरमाथा आणि परतीच्या वाटेवर चांदर, असे सगळे आरामात जमते.