माझी नस जुळली होती, म्हणून आम्ही फसलो

माझ्या डाव्या मनगटावर आडवा व्रण आहे. २०१४ साली कडवळ कापताना विळा निसटला आणि करंगळीकडे जाणारी नस, रक्ताची नव्हे, संवेदना नेणारी, तुटली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू लाकडासारखी झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी नस शिवली आणि धीर धरायला सांगितलं. दर महिन्याला दाखवायला गेले की ते व्रणापासून बोटाच्या दिशेनं हलक्या टिचक्या मारत जायचे. एका जागी टिचकी पडली की करंगळीत झिणझिण्या उठायच्या. घरी आल्यावर त्या जागेवर मी बॉलपेननं खूण करायची. महिन्याला ती खूण जवळजवळ इंचभर पुढं सरकायची. "नस रोज साधारण १ मिलिमीटर वाढते," डॉक्टर म्हणाले होते. पुढं एका सकाळी उंबऱ्यावर रांगोळी घालताना तिचा खरखरीतपणा करंगळीला कळला. मी तिथंच बसून रडले.

हे आधी सांगते, कारण पुढं आम्ही जे केलं ते अडाणीपणानं केलं नाही. तुटलेली नस वाढते हे मी स्वतःच्या हातावर पाहिलं होतं.

मार्च २०२२ मध्ये माझा धाकटा भाऊ चिंच झोडायला झाडावर चढला आणि फांदी मोडली. छातीमागचा दहावा मणका, कागदावर डी-१०, फुटून मज्जारज्जूत घुसला होता. ऑपरेशन झालं, रॉड आणि स्क्रू बसले, मणका स्थिर झाला. पण बेंबीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं. तो तेव्हा २६ वर्षांचा होता आणि मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान नुकतं कुठं चालायला लागलं होतं. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इजा पूर्ण आहे. थोडंफार परत आलं तर पहिल्या काही महिन्यांत, फार तर वर्षभरात येईल. चालेल अशी आशा दाखवणार नाही. बसायला, व्हीलचेअर चालवायला, लघवीची नळी स्वतः घालायला शिकवा." ते खरं बोलले होते, पण आम्हाला ते खरं नको होतं.

सहा महिन्यांनी गावातल्याच एकानं व्हिडिओ पाठवला. व्हीलचेअरवरचा मुलगा, मग तोच मुलगा वॉकर धरून उभा. खाली एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा नंबर. त्या सेंटरचं नाव मी लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

फोन केला तर अर्ध्या तासात उलट फोन आला. बोलणारा स्वतःला 'पेशंट कौन्सेलर' म्हणवत होता. इतकं आदरानं बोलायचा की आईला 'आई' म्हणून हाक मारायला लागला. एमआरआय व्हॉट्सॲपवर मागवला आणि त्याच संध्याकाळी सांगितलं, "तुमची केस चांगली आहे." मी विचारलं, नस परत कशी येईल? तो म्हणाला, "ताई, नस रोज १ मिलिमीटर वाढते. डी-१० पासून पायापर्यंत मीटरभर अंतर. म्हणजे तीन वर्षं. आमच्या स्टेम सेलनी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींनी, तो वेग वाढतो." तो हिशेब ऐकताना माझं लक्ष माझ्या करंगळीकडे गेलं. तिथंच आम्ही फसलो. भाऊ म्हणाला, "ताई, जळालेली वाइंडिंग मी रोज नव्यानं भरतो. हेही तसंच असेल."

पॅकेज ४ लाख ८० हजारांचं. तीन डोस. आज संध्याकाळपर्यंत ५० हजार भरले तर ४० हजार कमी. आईच्या पाटल्या आणि बोरमाळ गेली, उरलेलं पतसंस्थेतून उचललं.

सप्टेंबरमध्ये पहिला डोस झाला. कमरेच्या हाडातून सुईनं मगज (बोन मॅरो) काढला, आणि दुपारी त्यातल्या पेशींचं इंजेक्शन पाठीच्या मणक्यातून दिलं. "तुमच्याच पेशी, त्यामुळे धोका शून्य," असं सांगितलं. इंग्रजी कागदांवर सहा सह्या घेतल्या. वाचायला मागितले तर "फॉरमॅलिटी आहे" म्हणाले. त्यातल्याच एका पानावर 'परिणामाची हमी नाही' असं लिहिलेलं होतं, हे मला वर्षानंतर कळलं. सोबत रोज चार तास फिजिओथेरपी.

नवव्या दिवशी तिथल्या मुलीनं भावाच्या तळव्यावर टाचेपासून वर किल्लीचं टोक ओढलं आणि पायाचा अंगठा सावकाश वर उचलला गेला. बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. खोलीत टाळ्या वाजल्या. कुणीतरी मोबाईलवर शूट करत होतं. भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईनं खाली जाऊन पेढे आणले आणि आख्ख्या मजल्यावर वाटले. तो व्हिडिओ मी स्वतः तीस-चाळीस जणांना पाठवला. त्यातल्या कुणी त्या सेंटरला पैसे भरले असतील तर त्याचा वाटा माझ्याकडेही येतो, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

दुसरा डोस ऑक्टोबरमध्ये, तिसरा डिसेंबरमध्ये. पाय अधूनमधून झटके देत, कधी रात्री आपोआप गुडघ्यात दुमडत. प्रत्येक झटक्याला तिकडून उत्तर यायचं, "नस जागी होतेय." व्हीलचेअरचं विचारलं तर म्हणाले, "आत्ताच घेऊ नका, पेशंटचं मन खचतं." म्हणून घेतली नाही. तो पलंगावरच राहिला. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सर्जननी सांगितलेलं होतं, पण आमचं सगळं लक्ष अंगठ्याकडे. जानेवारीत माकडहाडावर काळा डाग दिसला आणि पंधरा दिवसांत तिथं मूठभर खड्डा पडला. वेदना नसल्यामुळे त्याला कळलंच नाही. ती जखम भरायला पाच महिने लागले. पैशांपेक्षा मला हे जास्त जिव्हारी लागलं आहे.

सेंटरनं चौथा 'बूस्टर' सुचवला, १ लाख १० हजार. त्यासाठी जमिनीचा विचार सुरू झाला तेव्हा एका ओळखीच्या परिचारिकेनं हट्ट धरला की आधी मुंबईला हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवून या. एप्रिल २०२३ मध्ये गेलो.

तिथल्या डॉक्टरांना मी मोठ्या अभिमानानं अंगठ्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण पाहिला. मग भावाला डोळे मिटायला सांगितलं, तळव्याला अजिबात हात लावला नाही, आणि म्हणाले, "आता अंगठा हलव." त्यानं दात आवळले, कपाळावर घाम आला. अंगठा हलला नाही. मग त्यांनी माझ्या फाइलमधला मे २०२२ चा ओपीडी पेपर काढला, म्हणजे सेंटरला जाण्याच्या चार महिने आधीचा. त्यावर 'प्लांटर' असं लिहून पुढं दोन बाण काढलेले होते, दोन्ही वर टोक असलेले. "हाच तो अंगठा," ते म्हणाले. "तळवा खरवडल्यावर तो वर जाणं म्हणजे मेंदूकडून येणारा मार्ग तुटल्याची खूण. बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरनं ती १८९६ मध्ये दाखवली. तुमच्या सर्जननी ती आधीच लिहून ठेवली होती."

ज्या खुणेवर आई पेढे वाटत होती, ती इजेची खूण होती. झटक्यांचंही तसंच. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, त्याचे प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली, चालू असतात, फक्त वरून लगाम नसतो. नस जागी होण्याशी त्याचा संबंध नाही.

मी माझं मनगट पुढं केलं. मग ही कशी जुळली? त्या दिवशी त्यांनी अर्धा तास दिला, आणि जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

हातापायांतल्या नसा आणि मेंदू-मज्जारज्जू यांची घडण वेगळी. हातातली नस तुटली की तिच्याभोवतीच्या श्वान पेशी (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव) तुटलेला कचरा साफ करतात, रांगेत उभ्या राहून नळीसारखी वाट तयार करतात आणि त्या वाटेनं तंतू पुढं सरकतो. माझ्या बॉलपेनच्या खुणा म्हणजे तीच वाट. मज्जारज्जूत श्वान पेशी नाहीत. तिथं तंतूंच्या आवरणात वाढ रोखणारी द्रव्यं असतात, त्यातल्या एकाचं नाव नोगो. आवरणाचा कचरा साफ व्हायला फार वेळ लागतो. इजेच्या जागी व्रण धरतो आणि त्यातली प्रथिनंही तंतूला अडवतात. शिवाय मोठ्या माणसाच्या या तंतूंची स्वतःची वाढायची ताकदच लहानपणापेक्षा कितीतरी कमी झालेली असते. स्पेनचे मज्जासंस्थेचे शास्त्रज्ञ काहाल यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रौढ मेंदू-मज्जारज्जूतले मार्ग मरू शकतात, नव्यानं उगवत नाहीत.

पण गोष्ट तिथं थांबली नाही, आणि हेच ठग वापरतात. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा मज्जारज्जूला जोडला. मज्जारज्जूतले तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढले, पण पलीकडे परत मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच थांबले. म्हणजे दोष नुसता तंतूत नव्हता, भोवतालच्या जागेतही होता. झ्युरिकच्या मार्टिन श्वाब यांनी नोगोला अडवणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार केली, उंदरांत तंतू वाढलेले दिसले. मानेला इजा झालेल्या माणसांवरही त्याची चाचणी झाली, पण ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक दिसला नाही. संशोधन खरं आहे, त्यात आयुष्य घालवलेली माणसं खरी आहेत. त्यांच्याच लेखांतली चित्रं त्या सेंटरच्या भिंतीवर फ्रेम करून लावली होती.

'स्वतःच्या पेशी, धोका शून्य' हेही खोटं. लिस्बनला एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या अस्तराचे तुकडे बसवले होते. आठ वर्षांनी पाठीत गाठ वाढलेली सापडली, आत शेंबडासारखा चिकट द्रव. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं.

आता आधी माहीत असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे 'पॅकेज' हा शब्द आला की विषय तिथंच संपला. चाचणी असेल तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाच्या यादीत कुणालाही बघता येते. आम्हाला 'रजिस्टर्ड आहे' म्हणून जो कागद दाखवला तो कंपनीच्या नोंदणीचा होता. आणि १९५४ च्या औषधं व जादूटोणावजा उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत पॅरालिसिस, म्हणजे लकवा, आहे.

पावती मात्र नीट बघा. आमच्या पावतीवर 'रिहॅबिलिटेशन चार्जेस' एवढंच लिहिलेलं आहे, स्टेम सेल हा शब्द कुठंही नाही. ग्राहक आयोगात आमच्या वकिलाला सगळ्यात जास्त तेच नडतंय. आमची बाजू तरली ती व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमुळे, कारण तिथं तीन डोस, तारखा, रक्कम, सगळं आहे. ते खोडू नका. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आम्ही मुदत संपायला थोडे महिने असताना केली.

भाऊ हाजीअलीला सात आठवडे राहिला. नळी स्वतः घालतो, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलतो, गादीवरून खुर्चीत एकटा जातो. दुकानातलं टेबल सुतारानं चार इंच उंच केलंय, म्हणजे खुर्चीचे हात त्याखाली जातात. हे सगळं २०२२ मध्येच होऊ शकलं असतं.

गेल्या महिन्यात आटपाडीकडून एका गृहस्थांचा फोन आला. मुलगा बाईकवरून पडलाय, वय २१, सोमवारी पैसे भरायचेत. म्हणाले, "ताई, त्यांच्याकडचा व्हिडिओ बघितला, पेशंटचा अंगठा हलतोय. खोटं कसं म्हणू?"

मी विचारलं, "तळव्याला कुणी हात लावलाय का त्यात?"

त्यांनी व्हिडिओ परत लावला. फोनवर मला टाळ्यांचा आवाज ऐकू आला.

"हो," ते म्हणाले. "किल्ली आहे हातात."