सातवीच्या वर्गात टॅब : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून मी आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या वर्गांना टॅबच्या साहाय्याने शिकवत आहे. लोकवर्गणीतून घेतलेले हे दहा इंची अँड्रॉइड टॅब पटाच्या निम्मेच आहेत, त्यामुळे दोन मुलांत एक द्यावा लागतो; परंतु उद्या पुरेसे टॅब मिळाले, तरी मी दोघांत एकच देईन. एकाने पडद्यावर कृती करायची, दुसऱ्याने काय दिसले ते वहीत लिहायचे आणि मग अदलाबदल करायची, या पद्धतीत मुले आपसांत बोलतात, हुज्जत घालतात, आणि गणिताच्या तासाला मला नेमके तेच हवे असते.

सर्वाधिक लाभ भूमितीत झाला. जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढण्याचे ॲप मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते. त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक एकसंपाती असतात, म्हणजे एकाच बिंदूत, परिकेंद्रात मिळतात, हे मुले कंपासने काढून पाहतातच. पण वहीत बहुधा लघुकोन त्रिकोणच काढला जातो आणि परिकेंद्र नेहमी आतच असते अशी समजूत पक्की होते. टॅबवर शिरोबिंदू बोटाने सरकवत नेला की कोन ९० अंशांचा होताच परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर येते आणि कोन त्याहून मोठा झाला की त्रिकोणाबाहेर जाते. असे का होते, हा प्रश्न मुलांनीच विचारला. फळ्यावर इतक्या आकृत्या काढून दाखवणे एका तासात शक्य नाही. त्यानंतर तीच रचना कागदावर मात्र मी आवर्जून करून घेतो, कारण कंपास धरण्याचे कौशल्य पडद्यावर येत नाही.

मागे पडलेल्या मुलांच्या वाचनासाठी रीड अलाँग हे वाचन-सरावाचे ॲप वापरले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. चारचौघांत वाचायला लाजणारी मुले इथे मोकळेपणाने वाचतात. गजबजलेल्या वर्गात मात्र शेजारच्याचा आवाज मिसळतो, म्हणून व्हरांड्यात अंतर ठेवून बसवावे लागते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून उघडणारे दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरील व्हिडिओ मी क्वचितच लावतो, कारण ते पाहताना मुलांच्या हाताला काम राहत नाही.

चार्जिंग ही खरी अडचण आहे. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून सकाळी परिपाठापूर्वीच सगळे टॅब लावून ठेवावे लागतात, आणि हे काम शिक्षकाच्याच अंगावर पडते. अपडेट आपोआप होणे बंद केले आहे आणि तासापुरते एकच ॲप पडद्यावर पिन करून ठेवतो, त्यामुळे मुले इतरत्र भरकटत नाहीत. खरेदी करणाऱ्या शाळांनी रबरी कडांचे कव्हर त्याच वेळी घ्यावे आणि दुरुस्तीची सोय तालुक्याच्या ठिकाणी आहे का, हे आधी विचारावे. आमचा एक टॅब चार्जिंगची खाच सैल झाल्याने दिवाळीपासून कपाटात पडून आहे.