मंगळवार पेठेतली काकींची खानावळ: अख्खा मसूर, पांढरा रस्सा आणि ४४ गोळ्या

कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडून खासबाग मैदानाकडे जाताना एका बोळात ही खानावळ आहे. बाहेर फलक नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला की पोहोचलात असं समजायचं. आत सहा टेबलं आणि भिंतीवर एक टीव्ही. मी जवळच्याच एका पतसंस्थेत नोकरीला आहे, चार वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा तरी दुपारी इथंच जेवते. पण इतक्या दिवसांनी लिहायला बसले ती २०२४ च्या ऑगस्टमुळे. पॅरिसचं ऑलिंपिक मी घरी नाही, या खानावळीत बघितलं.

आधी जेवणाचं सांगते. मटण ताट २६० रुपये, शाकाहारी १२०. तांबडा रस्सा नुसता तिखटजाळ नाही, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची आणि तिळाची चव जिभेवर राहते. सुकं मटण हाडापासून सुटणारं, पण गाळ न झालेलं. पांढरा रस्सा एक वाजता प्याल तर दुसरी वाटी मागाल. दोननंतर मात्र तो पातळ होतो, कारण काकी शेवटच्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणत नाहीत आणि पातेल्यात पाणी वाढतं. मला हे पटत नाही, संपला तर संपला म्हणावं. काकींना हे तोंडावर सांगितलंय. "उपाशी घालवू व्हय गं माणूस?" एवढंच उत्तर मिळालं. भाकरी जोंधळ्याची, तव्यावरून थेट ताटात.

तर १ ऑगस्ट. पंचगंगेनं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलेली, निम्मं गिऱ्हाईक खेड्यांतून येणारं, ते अडकलेलं. आखाड संपत आलेला, रविवारी अमावास्या, पण वार गुरुवार, त्यामुळं बहुतेकांच्या ताटात अख्खा मसूर. एक वाजता राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी. काकींच्या पोरानं मोबाइल टीव्हीला जोडला. एरवी त्या वेळी मालिकेचा पुनःप्रक्षेपित भाग असतो आणि काकींना तो चुकवायला आवडत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच आवाज वाढवला.

कॉलेजात एनसीसीला असताना मी पॉइंट टू टू रायफल चालवली आहे, तीही फक्त झोपून. तरी त्या खोलीत त्यातलं कळणारी मी एकटीच होते. मग ताट बाजूला सारून सांगत बसले. आधी गुडघ्यावर १५ गोळ्या, मग पोटावर झोपून १५, मग उभं राहून. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. मधलं दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, आणि ५० मीटर म्हणजे काकींच्या दारातून पार बोळाच्या तोंडाशी. उभं राहून मारणं सगळ्यांत अवघड, कारण हाताला जमिनीचा आधार नाही, श्वास थोडा जरी हलला तरी नळी हलते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक आण्णा रोज असतात, तरुणपणी तालमीत घुमलेले. ते म्हणाले, "म्हंजे दम धरायचा खेळ हाय." इतकं नेमकं मला एनसीसीत कुणी सांगितलं नव्हतं.

गुडघ्यावरचे गुण १५३.३, स्वप्नील सहावा. काकी वाढायला आल्या आणि तिथंच थांबल्या. झोपून झाल्यावर बेरीज ३१०.१, पाचवा. उभं राहून पहिल्या दहा गोळ्या झाल्या आणि ४११.६ वर तो तिसरा आला. पाठ करून कुणाला काही मिळणार नाही, पण हे आकडे माझे आजही पाठ आहेत. तिथून पुढं प्रत्येक गोळीनंतर एकेक जण बाहेर. त्यानं १०.५ मारली आणि चित्र अडकलं. ज्या ॲपवरून बघत होतो त्याचं चाक गोल गोल फिरत राहिलं. अख्ख्या देशाला सामना दाखवायची जबाबदारी घेतलेल्या सेवेनं अशा क्षणी हातपाय गाळावेत याचा मला तेव्हाही राग आला होता, आजही आहे. चित्र परतलं तेव्हा पडद्यावर ९.४ होते. कुणी बोललं नाही, आतल्या शेगडीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पुढची ९.९. चौथ्या क्रमांकावरचा चेक नेमबाज बाहेर पडला आणि मी ओरडले, "आलं! मेडल आलं!" शेवटची १०.०, एकूण ४४ गोळ्यांत ४५१.४, कांस्य. सोनं चीनच्या लिउ युकुनला, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशला. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक.

आण्णांनी उठून दारातून बोळात हाक दिली. काकींनी साखरेचा डबाच बाहेर आणला आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. आण्णा म्हणाले, "खाशाबांनंतर." खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं आणि १९५२ ला ते हेलसिंकीला जाऊन कुस्तीचं कांस्य घेऊन आले, हे मंगळवार पेठेत पोराटोरांना ठाऊक असतं. महाराष्ट्राच्या खेळाडूचं दुसरं वैयक्तिक पदक यायला ७२ वर्षं लागली. मी तिथंच सांगितलं की तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या कोल्हापूरच्या पोरींनी नेमबाजीत आधीच वाट पाडलीय, तेजस्विनी तर २०१० ची विश्वविजेती. माझ्या मागच्या टेबलावरच्या एका बापानं विचारलं, "ताई, पोरीला कुठं घालायचं म्हंजे शिकंल?" असा प्रश्न मला या शहरात तोवर कुणी विचारला नव्हता. संस्थेत अर्धा तास उशिरा पोहोचले. बोलणी खाल्ली, त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर रोज एक वाजता खोली भरायची. ७ ऑगस्टला विनेश फोगाटची बातमी आली तेव्हा मी भाकरीचा पहिला घास मोडत होते. आदल्याच दिवशी तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कधीच न हरलेल्या बाईला. आणि सकाळच्या वजनात ५० किलोवर १०० ग्रॅम जास्त, म्हणून अंतिम लढतीआधीच अपात्र. काकी परातीपाशी होत्या. पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाल्या, "शंभर ग्रॅम म्हंजे माझ्या एका भाकरीचं पीठ बी न्हाई." आण्णांनी ताट पुढं सारलं आणि हात धुतले. वजन उतरवायला रात्रभर पळणं आणि पाण्याचा घोटही न घेणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच रात्री मीराबाई चानूनं १९९ किलो उचललं. कांस्य २०० ला गेलं.

म्हणून कुणी म्हणतं, टोकियोत सात पदकं होती, पॅरिसला सहाच, आणि सोनं नसल्यानं यादीत ७१ वा क्रमांक, तेव्हा मला बोलावंच लागतं. सहा प्रकारांत आपण चौथे आलो. नेमबाजीत अर्जुन बबुता, २५ मीटर पिस्तुलाला मनू भाकर, बॅडमिंटनला लक्ष्य सेन, मीराबाई, धीरज-अंकिता तिरंदाजीत, माहेश्वरी-अनंतजीत स्कीट नेमबाजीत, तेही ४३-४४ असे एका गुणानं. हे संघाचं अपयश म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण तक्रार आहेच. बारा वेळा पदकाच्या दारात पोहोचायचं आणि निम्म्या वेळा शेवटच्या गोळीला, शेवटच्या किलोला कमी पडायचं, तिथं तयारीचा शेवटचा टप्पा कुठंतरी उणा आहे. मानसिक तयारी, वजन सांभाळणारी माणसं यांच्याकडं आणखी लक्ष द्यायला हवं. मनूनं एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं आणली, हॉकी संघानं सलग दुसरं कांस्य, अमन सेहरावतनं ५७ किलोचं. कस आहे, हे दिसलं.

८ ऑगस्ट मात्र वेगळाच. संध्याकाळी हॉकीत स्पेनला २-१ हरवलं, गोलरक्षक श्रीजेशचा तो शेवटचा सामना. काकींनी चहा फुकट पाजला. रात्री नीरज चोप्राची भालाफेकीची अंतिम फेरी होती म्हणून खानावळ उशिरापर्यंत उघडी ठेवायचं ठरलेलं. आणि दहाच्या सुमारास केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. आम्ही सगळे रस्त्यावर. शाहू महाराजांच्या काळातलं ते नाट्यगृह डोळ्यांदेखत जळत होतं, बायका रडत होत्या, बंबांचे भोंगे वाजत होते. मध्यरात्रीनंतर काकींच्या पोरानं मोबाइल बघून हळूच सांगितलं, नीरजला रौप्य, ८९.४५ मीटर. आण्णांनी मान हलवली. कुणी टाळी वाजवली नाही. काकी आत गेल्या आणि हंडाभर पाणी घेऊन बाहेर आल्या, जवानांना प्यायला.

आता टीव्हीखाली दरपत्रकाशेजारी स्वप्नीलचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलंय. भिंतीकडं पाठ करून बसावं लागतं ती दोन टेबलं टाळा, सामना असला तर मान दुखते. गाडी बोळात नेऊ नका, वळत नाही. अख्खा मसूर फक्त गुरुवारी असतो, आणि पांढरा रस्सा हवा असेल तर दीडच्या आत जा.