नळदुर्गाच्या बुरुजावर पेजमेकर: सात महिने वापरल्यावर

उमरग्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे आणि गेम खेळायचं वय कधीच मागं पडलंय. माइनक्राफ्ट म्हणजे चौकोनी ठोकळे उकरायचे आणि रचायचे, एवढंच मला ठाऊक होतं. तरी मे महिन्यापासून मी काही लग्नपत्रिका त्या गेमच्या आत बसून लावल्यात. गेममध्ये एक कॉम्प्युटर, त्यात विंडोज एक्सपी, एक्सपीत पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, आणि पेजमेकरात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’

सुरुवात भाच्यानं केली. पोरगं नववीत. दुकानातल्या रिकाम्या मशीनवर गेम टाकू द्या म्हणून मागं लागलं. मी म्हटलं, त्या मशीनवर दुकानाचं काम झालं पाहिजे, मग बघू. दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "मामा, तुमचं काम गेमातच करू. मग तर झालं?" त्यानं व्हीएम कॉम्प्युटर्स नावाचा मॉड, म्हणजे गेमला लावायची वरची जोड, शोधून आणला होता. हा मॉड २०२० साली आला. लोकांनी त्यात विंडोज ९५ चढवून त्यावर डूम हा जुना गेम खेळून दाखवला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती.

पटकन होकार दिला, कारण माझी अडचण वेगळीच होती. २००३ पासूनच्या पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल असं सगळं सीड्यांवर पडून आहे आणि सगळं युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. हे ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच साठतं. फॉन्ट त्या अक्षरांना मराठीचा सदरा घालतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो. म्हणून जुनी मांडणी जशीच्या तशी हवी असेल, तर जुनं घरच पुन्हा उभं करावं लागतं.

आता हे चालतं कसं. रेडस्टोनचे, म्हणजे गेमातल्या वायरीसारख्या वस्तूचे, तुकडे जोडून गेममध्येच गणकयंत्र बांधणारे लोक आहेत, त्यांचा सगळा हिशेब खरोखर गेमच करतो. २०११ पासूनच्या कॉम्प्युटरक्राफ्ट या दुसऱ्या मॉडमध्ये गेमातल्या कॉम्प्युटरवर ल्युआ भाषेतले प्रोग्रॅम चालतात. इथं तसलं काही नाही. पाठीमागं व्हर्च्युअलबॉक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर खरं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, चालवतं. मॉड त्याच्या पडद्याचं चित्र उचलून गेमातल्या मॉनिटरवर चिकटवत राहतो आणि आपण दाबलेल्या कळा, माउसचे क्लिक परत आत पाठवतो. गेम म्हणजे नुसती खिडकी. हे कळल्यावर माझा अर्धा अचंबा उतरला, पण काय बिघडलं तर कुठं बघायचं तेही कळलं.

कॉम्प्युटर मात्र गेममध्ये खरोखर जोडावा लागतो. टॅबलेटवरून आकाशातल्या उपग्रहाकडे कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सुटे भाग मागवायचे आणि बसवायचे. गेमात जेवढ्या रॅमची पट्टी लावाल तेवढी आतल्या मशीनला मिळते. भाच्यानं हौसेनं मोठी लावली आणि बाहेरचं मशीन घायाळ झालं. त्यात मुळात आठच जीबी. शेवटी ५१२ एमबीवर आलो, एक्सपीला तेवढी उदंड झाली. त्याआधी एक संध्याकाळ निव्वळ वाया गेली होती, कारण बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय (व्हर्च्युअलायझेशन) बंद होती. कुणी करणार असाल तर पहिलं ते बघा. एक्सपीची सीडी माझी स्वतःची, जुनी. तिची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, करून आत घातली. एक्सपीला एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, त्यामुळे त्याला इंटरनेट दाखवायचंच नाही, हा माझा नियम.

फाइलींची ने-आण हा सगळ्यात कटकटीचा भाग. आत काही न्यायचं तर फोल्डरची आयएसओ बनवून सीडीसारखी घालायची. फॉन्ट तसेच गेले, जुन्या पत्रिकाही तशाच. बाहेर काढायचं तर गेमातला कॉम्प्युटर बंद करून त्याची डिस्क बाहेरच्या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनला जोडायची आणि तिथून उचलायची. एका पत्रिकेसाठी एवढा द्राविडी प्राणायाम. सीझनमध्ये गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना हे करूच नका. तुळशीचं लग्न लागलं की मी गुपचूप साध्या व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत काम करतो. एक्सपी तेच, पेजमेकर तोच, फक्त गेम मध्ये नाही. सोय बघाल तर तेच बरं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ८०० बाय ६०० चा पडदा ताणून दाखवला की बारीक टायपातले अनुस्वार आणि रफार हरवतात. इंग्रजीत एखादा ठिपका गेला तरी माणूस वाचून घेतो. आपल्याकडं नंदिनीची नदिनी होते. झालीच होती. छपाईआधीचं ट्रेसिंग काढल्यावर मुलीच्या चुलत्याला दिसलं म्हणून वाचलो. त्यानंतर प्रूफ गेमात वाचणं बंद, कागदावरच वाचायचं.

आणि लाइट. उन्हाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या इन्व्हर्टरवर हे मशीन नाही. जूनमध्ये ऐन सेव्ह करताना गेली. परत सुरू केल्यावर एक्सपी निळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसलं आणि वास्तुशांतीच्या पत्रिकेची फाइल काही उघडेना. भाचा निवांत. "मामा, कालचा बॅकअप हाय की." त्यानं गेमातलं कालचं जग परत आणलं. कालचे ठोकळे आले, कालचा अर्धवट दरवाजा आला, पण पत्रिका आली नाही. मॉडची डिस्क गेमच्या जगात नसतेच, ती बाहेर वेगळ्या फाइलमध्ये असते. जग मागं नेलं तरी पेजमेकर पुढंच राहतो. तेव्हापासून रोज दुकान बंद करताना त्या डिस्कच्या फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतो.

मग ठेवलंय कशाला? एक तर जागेसाठी. पोरानं नळदुर्गचा किल्ला बांधायला घेतलाय. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, उपळी बुरूज, सगळं आठवून आठवून. दर सुट्टीत आम्ही जातोच तिथं. माझा कॉम्प्युटर त्या बुरुजावर आहे. गेमातला दिवस वीस मिनिटांचा, त्यामुळं एका पत्रिकेत तीन-चारदा सूर्य मावळतो. राक्षस येऊ नयेत म्हणून त्यानं सेटिंग शांत ठेवलंय. एस्केप दाबली तर ती कळही आतल्या विंडोजला जाते. बाहेर यायला ठरलेल्या कळा एकत्र दाबाव्या लागतात. पहिला आठवडाभर मी त्या बुरुजावर कोंडलो गेलो की पोराला हाक मारायचो.

दुसरं कारण म्हणजे पोरगं रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्या काळातली मराठी कळांची मांडणी, शिकलं. मी शिकवलं नाही. मी बुरुजावर टाइप करायचो आणि ते बाजूला उभं राहून बघायचं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची आणि रफार नंतर, यावर त्यानं माझ्याशी चांगलं भांडण केलं, ‘उलटंय सगळं’ म्हणून. आता ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ न बघता मारतं. दुसऱ्या कुठल्या रीतीनं त्याला मी कीबोर्डसमोर बसवलं असतं, मला तरी सुचत नाही.

मागच्या महिन्यात एक तात्या आले होते. थोरल्या लेकीच्या २००९ च्या पत्रिकेसारखीच धाकट्या पोराची हवी होती, तोच गणपती, तीच बॉर्डर. फाइल बुरुजावरच्या मशीनमध्ये सापडली. तात्या स्क्रीनकडं बघून म्हणाले, "हे नळदुर्ग हाय का?" म्हटलं, हाव. "मग पत्रिका किल्ल्यात कशाला छापलालाव?" उत्तर नव्हतं. चहा मागवला.

माझं मत हवं असेल तर, रोजच्या धंद्याला हे घेऊ नका. घरात जुनी सीडी, जुनं सॉफ्टवेअर आणि गेम खेळणारं पोरगं असं तिन्ही असेल, तर एक सुट्टी मजेत जाईल. मशीनला सोळा जीबी रॅम असली तर चांगलंच, माझ्या आठमध्ये माउस रेंगाळतो.

एक पक्कं लक्षात ठेवा, हा मॉड त्या काळच्या जुन्या आवृत्तीवरच चालतो. भाच्याचे मित्र केव्हाच नव्या आवृत्तीवर गेले. त्यांच्याबरोबर खेळायला यानं गेमची वेगळी मांडणी, म्हणजे नवं प्रोफाइल, केलंय आणि किल्ल्याचं जुनं प्रोफाइल तसंच ठेवलंय. गेम सुरू करायच्या लाँचरमध्ये त्या जुन्याचं नाव त्यानं ‘मामाचं दुकान’ असं दिलंय.