दाओपंथी सिद्ध रंगवताना: रेशीम की कच्चा कागद?

दाओपंथ या चिनी धर्मपरंपरेतल्या अमर सिद्धांच्या चित्रांत निम्मा निकाल कुंचला टेकण्याआधीच, पृष्ठभागावर लागतो.

गोंगबी, म्हणजे बारीक कामाच्या रीतीत, सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं रेशीम घेतात. तुरटी कमी पडली की रंग फुटतो, जास्त झाली की रेशीम ठिसूळ होऊन गुंडाळताना तडकतं. आराखडा खाली ठेवून रेघ उतरवायची. मग एकाच हातात दोन कुंचले: एकाने रंग लावायचा, तो ओला असतानाच दुसऱ्या, नुसत्या पाण्याच्या कुंचल्याने कड विरवायची. थर पातळ हवेत. आधीचा वाळण्यापूर्वी पुढचा दिला, तर खालचा उचलला जाऊन डाग पडतो. रेशमाची ताकद पाहायची तर चीनच्या युआन राजवटीतल्या यान हुइ या चित्रकाराने रंगवलेला ली थिएग्वाय, आठ प्रसिद्ध सिद्धांपैकी एक, पाहावा, जपानमधल्या क्योतोच्या चिओन-जी मंदिरातला: तोंडातून फुंकलेला त्याचा आत्मा इवल्याशा आकृतीसारखा आकाशात तरंगतो.

श्येयी, म्हणजे मोकळ्या फटकाऱ्यांच्या रीतीत, कच्च्या (सरस-तुरटी न दिलेल्या) श्वान नावाच्या चिनी कागदावर शाई क्षणात पसरते. हात जरा अडखळला की ठिपका फुगतो, आणि दुरुस्ती नाहीच. 13व्या शतकातला चित्रकार ल्यांग काय याच्या सिद्धाचा झगा (तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात) चार-दोन रुंद, ओल्या फटकाऱ्यांत उभा आहे. भल्यामोठ्या कपाळाखाली चिमुकले डोळे-नाक दाटीवाटीने बसलेत.

आठही सिद्ध भोपळा, कुबडी, बासरी अशा खुणांनी ओळखू यायला हवेत, तर रेशीमच घ्यावं. एकट्या सिद्धाची मस्ती मात्र कागदावरच उतरते.